घाटातला बोगदा: लाल थराच्या नोंदी

२४ नोव्हेंबर २०२५, चेनेज ४१२ (चेनेज म्हणजे बोगद्याच्या मार्गावरचं अंतर, मीटरमधे)

सकाळच्या शिफ्टला मक (ब्लास्टमधे फुटलेल्या दगडाचा ढिगारा) काढून फेस, म्हणजे समोरचा कातळ, धुतला तर एकदम तळाला, उजव्या कोपऱ्यात विटकरी पट्टी दिसली, वीतभर जाड. जिऑलॉजिस्ट ताईने (नागपूरची आहे, वयाने आमच्याहून लहान पण साइटवर सगळेच तिला ताई म्हणतात) हातोडीचं टोक मारलं तर टणक आवाज आलाच नाही, टोक सरळ आत रुतलं. रेड बोल. दख्खनच्या बेसाल्टमधे हा पाहुणा कुठे ना कुठे भेटतोच. एक लाव्हा येऊन गार झाला, त्याच्यावर माती तयार झाली, मग पुढचा लाव्हा आला आणि त्या मातीला भाजून वर बसला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं हे प्रकरण आज आमच्या लिफ्टर होल्समधे (फेसच्या तळाची रांग) येऊन बसलंय.

बाकीच्यांना वाटलं तळाला आहे तर काय बिघडतं, वरून तर पडणार नाही. पण ताईने वहीत दोन रेघा मारून दाखवल्या. आपला बोगदा इंदूरकडून निमाडकडे उतरत जातोय, साधारण दोन टक्के उतार, आणि हा थर पुढे किंचित वर चढतोय. म्हणजे आपण जेवढे पुढे जाऊ तेवढा तो फेसवर वर सरकणार, मीटरला चार-साडेचार सेंटिमीटर. हेडिंगची, म्हणजे आधी काढायच्या वरच्या भागाची, उंची साडेसहा मीटर. "दादा, साडेपाचशेच्या आसपास हा तुमच्या डोक्यावर असेल," असं म्हणाली आणि चहा प्यायला गेली. म्हणून ह्या वेगळ्या नोंदी चालू करतोय, रोजच्या शिफ्ट रिपोर्टमधे फक्त आकडे असतात, का केलं ते कुणी लिहीत नाही.

२७ नोव्हेंबर, चेनेज ४२०

आई रामबागेतल्या सगळ्या बायकांना सांगते की आमचा मुलगा डोंगर उडवतो. आता तिला कसं समजवायचं की उडवायला आठ-नऊ सेकंद लागतात आणि होल मारायला तीन-साडेतीन तास. खरं काम बूमरच्या (होल मारायचं मशीन) ऑपरेटरचं आहे, माझ्या बारूदचं नाही.

उघड्या दगडखाणीत दगडाला समोरून आणि वरून मोकळी जागा असते, घनमीटरला अर्धा किलोच्या आसपास स्फोटकात काम भागतं. बोगद्यात फक्त समोरचा फेस मोकळा, बाकी चारी बाजूंनी डोंगर आवळून बसलेला, म्हणून इथे दीड किलोच्या वर जातं आणि तरीसुद्धा आधी मधे एक पोकळी केल्याशिवाय दगड हलत नाही. त्यासाठी बर्न कट. मधोमध १०२ मिलिमीटरचे चार होल मारायचे आणि ते रिकामेच ठेवायचे, त्यांच्याभोवती ४५ चे होल अगदी जवळ जवळ, भरलेले. प्रत्येक होलच्या डेटोनेटरला फुटायची वेळ ठरवून दिलेली असते, तो डिले. पहिल्या डिलेला हे भरलेले होल फुटतात आणि दगड त्या रिकाम्या होलांमधे चुरडला जातो, बाहेर फेकला जातो, मग त्या खड्ड्याकडे पुढची रिंग फुटते, मग त्याच्या पुढची, सगळ्यात शेवटी कडेचे आणि तळाचे लिफ्टर. लिफ्टरला जास्त माल भरायचा कारण त्याला सगळा ढिगारा खालून उचलायचा असतो. बाहेरून ऐकलं तर एक धडाम नाही ऐकू येत, डुग... डुग-डुग... डुग असं चालतं, आणि जुना माणूस पोर्टलवर (बोगद्याच्या तोंडाशी) उभा राहून नुसत्या त्या आवाजावरून सांगतो की कट उघडला का नाही.

कटचे होल समांतर नसतील, एक जरी तिरका जाऊन शेजारच्याला आत भेटला, तर साडेतीन मीटर मारून दोन मीटर निघतं. उरलेले होलचे बुंधे फेसमधे तसेच राहतात, आणि त्या बुंध्यात परत ड्रिल घालायचं नाही, कधीच नाही, आत न फुटलेला तुकडा असू शकतो. नवीन पोरांना मी पहिल्या दिवशी दुसरं काही शिकवत नाही, हेच शिकवतो.

४ डिसेंबर, चेनेज ४३७

आज दत्तजयंती, घरी जन्माला सहा वाजता पोचायचं कबूल केलं होतं, नाही जमलं. पण साइटवर पोर्टलपाशी पूजा होतीच कारण ४ डिसेंबर हा सेंट बार्बराचा दिवस, खाणीत आणि बोगद्यात काम करणाऱ्यांची संत. आमचा फोरमन ओडिशाचा, हिमाचलला परदेशी कंपनीबरोबर काम करून आलेला, तो ही प्रथा घेऊन आला. आता पोर्टलच्या खोबणीत गणपती, विश्वकर्मा आणि बार्बरा तिघं शेजारी शेजारी, मी आज दत्ताचा फोटो पण ठेवला. नारळ फोडला, पेढे वाटले, आणि दुपारचा राऊंड (होल, माल, ब्लास्ट असा एक फेरा) वेळेवर मारला. पुल, म्हणजे एका राऊंडला प्रत्यक्ष पुढे गेलो ते, ३.२ मीटर. थर अजून गुडघ्याच्या वर.

९ डिसेंबर, चेनेज ४५१

खालच्या वस्तीतून लोक आले होते. म्हणे भांडी वाजतात, भिंतीला तडे गेले. त्यांच्यावर चिडण्यात अर्थ नाही, माणसाला अर्धा मिलिमीटर प्रति सेकंद हलणंसुद्धा जाणवतं आणि रात्रीच्या शांततेत तर फारच. डीजीएमएसचं (खाण सुरक्षा महासंचालनालय) १९९७ चं सर्क्युलर आहे, साध्या घरांसाठी मर्यादा कंपनाच्या वारंवारितेवर ठरते: ८ हर्ट्झच्या खाली ५ मिलिमीटर प्रति सेकंद, ८ ते २५ ला १०, त्याच्या वर १५. आमचं रीडिंग तिथल्या शेवटच्या घराच्या ओट्यावर ३.८, वारंवारिता चाळिसच्या आसपास. म्हणजे मर्यादेच्या बरंच खाली. पण हा आकडा त्या आजीला दाखवून काय उपयोग, तिच्या फळीवरचे डबे तर हलतातच.

दोन गोष्टी ठरवल्या. रात्री दहानंतर ब्लास्ट नाही, फेस तयार असला तरी सकाळपर्यंत थांबायचं (प्लॅनिंगवाल्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं). आणि एका डिलेला किती किलो फुटतं ते कमी करायचं, कारण कंपन एकूण मालावर नाही, एका क्षणाला किती फुटतं आणि अंतर किती ह्यावर चालतं. सगळ्यात जास्त हादरा कट देतो, त्याला सुरुवातीला मोकळी जागाच नसते. तर कटचे होल आता एकेकटे वेगळ्या डिलेवर. उद्यापासून ओट्यावर कंपन मोजायचं मशीन ठेवायला त्या घरातल्याच पोराला बोलवतोय, त्याच्या हाताने रीडिंग निघालं की गावात त्याचं ऐकतील, माझं नाही.

१६ डिसेंबर, चेनेज ४७०

थर आता कमरेच्या बराच वर आला, नेमका कटच्या उंचीला, आणि जाडी हातभर झालीय. त्रास सुरू.

बेसाल्टमधे ड्रिल एका लयीत जातं, ऑपरेटर (आम्ही त्यांना पंडितजी म्हणतो) डोळे मिटून सांगतील किती आत गेलं. बोलमधे गेलं की एकदम झटक्यात पुढे घुसतं, मग बिट लाल चिखलात अडकतं, फ्लशिंगचं पाणी परत येताना टोमॅटोच्या सारासारखं. रॉड बाहेर काढली की होल मागून मिटतो. कार्ट्रिज (स्फोटकाची कांडी) आत ढकलायला गेलं तर दीड मीटरवर थांबतं. आणि लाकडी दांड्याने जोर लावून ठोकायचं नसतं, तिथे पुढे डेटोनेटर बसलाय. आज चार्जिंगवाल्यांनी होल मारल्या मारल्या पीव्हीसीचे पाइप घालून ठेवले आणि मग पाइपातून माल भरला, तेव्हा कुठे जमलं.

दुसरी अडचण जास्त गंभीर. स्फोटाच्या गॅसने दगड फोडायचा असतो, पण मधे मऊ थर असला की गॅस तिकडून निसटतो. कालच्या राऊंडला पुल २.१ आला तो म्हणूनच. तर कट तिथून उचलून दीड मीटर वर, साबूत बेसाल्टमधे नेला. कट फेसच्या मधोमधच पाहिजे असा काही कायदा नाही, फक्त सगळ्या डिलेंचे नंबर परत लिहावे लागतात, आणि ते रात्री अकरा वाजता कंटेनरमधे बसून कुणाला लिहायचे असतात ते सांगायला नको. आज पुल ३.०.

२० डिसेंबर, चेनेज ४८०

मक उचलताना ढिगाऱ्यातून पिवळी ट्यूब (होलमधल्या डेटोनेटरपर्यंत इशारा नेणारी) लोंबताना दिसली, न जळलेली. लोडर थांबवला, सगळ्यांना मागे घेतलं. लिफ्टरचा एक होल राहिला होता, शेजारच्याने बहुतेक दगड सरकवून त्याची ट्यूब तोडली. नियमाप्रमाणे त्याच्यापासून किमान ३० सेंटिमीटरवर समांतर होल मारून उडवला. मिसफायर झालेल्या होलमधून माल ओढून काढायचा नसतो. चार तास गेले. रजिस्टरला नोंद, मॅगझीनला (स्फोटकांच्या कोठाराला) नोंद, ब्लास्टरची सही. पूर्वी सुरुवात द्यायला इलेक्ट्रिक डेटोनेटर असायचा, एप्रिल २०२५ पासून ते देशभर बंद झाले, आता इलेक्ट्रॉनिक. खर्च वाढला म्हणून कुरकुर करणारे आहेत पण भटक्या करंटची भीती गेली हे मला पटतं.

२ जानेवारी २०२६, चेनेज ५१२

पाणी. थराच्या वरच्या कडेने थेंब थेंब, मग बारीक धार. वरचा बेसाल्ट भेगांचा, पाणी त्यातून उतरतं आणि बोलवर येऊन अडतं कारण ती माती पाणी सोडत नाही. कोरडा बोल हातात घेतला तर वाळलेल्या विटेसारखा कडक लागतो, तोच तुकडा ताईने सकाळी बादलीत टाकला आणि जेवून येईपर्यंत त्याचा गाळ झाला होता. तिने ती बादली मुद्दाम मीटिंगच्या टेबलावर आणून ठेवली. प्रोजेक्ट मॅनेजर साहेब म्हणाले हे इथे कशाला, ताई म्हणाली अजून दोन आठवड्यांनी हे वर असेल तेव्हा टेबलावर आणता येणार नाही.

ड्रेन होल मारायचे ठरले, वरच्या बाजूला तिरके, फेसच्या पुढे पाणी आधीच काढून घ्यायला.

११ जानेवारी, चेनेज ५३३

ओव्हरब्रेकची मीटिंग. हे लिहितोच.

बोगद्याची ठरलेली रेघ असते, तिच्या बाहेर जेवढा दगड पडला तेवढा परत शॉटक्रीटने (फवारून मारायचं काँक्रीट) भरायचा, आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडे त्याचे पैसे कुणी देत नाही. दगडच खराब होता असं सिद्ध झालं तर जिऑलॉजिकल ओव्हरब्रेक, तो मिळतो. तर प्रत्येक मीटिंगला एक बाजू म्हणते दगड खराब, दुसरी म्हणते तुमचं ड्रिलिंग खराब. खरं बघितलं तर दोन्ही थोडं थोडं असतं आणि वाटणी करायला भिंतच बघावी लागते. कडेचे होल जवळ जवळ मारतात, आत बारीक कार्ट्रिज आणि डेटोनेटिंग कॉर्ड, म्हणजे भिंत हलक्या हाताने सुटते. नीट सुटली तर ब्लास्टनंतर भिंतीवर अर्ध्या होलच्या लांब पन्हळी दिसतात. बेसाल्टच्या भागात आमच्या पन्हळी इथून तिथवर दिसतात, मी सगळ्यांना टॉर्च मारून दाखवल्या. थराच्या पट्ट्यात एकही नाही. तेच होल, तोच ऑपरेटर, तोच माल. आता बोला.

एक मात्र मी पण त्यांचं मान्य केलं. साडेतीन मीटरच्या होलला लुकआउट द्यावाच लागतो, म्हणजे कडेचा होल थोडा बाहेरच्या बाजूला झुकवायचा, नाहीतर पुढच्या राऊंडला बूमरला हात फिरवायला जागा उरत नाही. ढोबळ हिशोब दहा सेंटिमीटर अधिक मीटरला तीन. म्हणजे साडेतीन मीटरला वीस सेंटिमीटर तर आपण स्वतःच बाहेर गेलो. राऊंड छोटा केला की हे आपोआप कमी होतं. सोमवारपासून दोन मीटर, थर क्राऊनला (बोगद्याच्या छताला) लागला की दीड. प्रोग्रेस पडेल ह्यावर अर्धा तास वाद झाला. दीड मीटरच्या राऊंडला पडलेलं छत भरायला वेळ लागत नाही, साडेतीनच्याला लागतो, एवढंच मी म्हणालो, नंतर साहेबांनीच सही केली.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ. स्पाइलचे (पुढचं छत आधीच धरायला घालायचे) ३२ मिलिमीटरचे बार आले, लांबी बरोबर नाही, परत पाठवले.

१९ जानेवारी, चेनेज ५५१

थर क्राऊनला. ताईच्या वहीतल्या रेघेत आणि प्रत्यक्षात फारच थोडा फरक निघाला, तिने काही बोलून दाखवलं नाही, फक्त वही उघडी ठेवली.

आता क्रम असा: ब्लास्टच्या आधी क्राऊनवर तीस-चाळीस सेंटिमीटरवर एक असे बार तिरके पुढे घालून ग्राउट करायचे, म्हणजे पुढचं छत आधीच धरलेलं. मग दीड मीटरचा राऊंड, क्राऊनच्या कडेला एक सोडून एक होल रिकामा. धूर निघाला (आज नारिंगी झाक होती, पाण्याच्या होलमधे माल नीट जळला नसणार, ब्लोअर अजून वीस मिनिटं चालवला आणि गॅस डिटेक्टर शून्याच्या जवळ येईपर्यंत कुणालाच आत सोडलं नाही), की माणसाने नाही, एक्सकॅव्हेटरने स्केलिंग (सुटे दगड पाडून घेणं). लगेच पाच सेंटिमीटर शॉटक्रीट, मक नंतर. एरवी मक आधी काढतो. इथे बोलला हवा आणि ओल लागायच्या आत झाकायचं, एवढाच मुद्दा आहे.

२३ जानेवारी, चेनेज ५५७, रात्रपाळी

थर आता क्राऊनच्या जरा वर गेला, दिसेनासा झाला. पाहुणे गेले असं कुणाला वाटत असेल तर सांगतो, सगळ्यात वाईट जागा हीच. क्राऊनवर अर्ध्या हाताची बेसाल्टची लादी, तिच्यावर ओला बोल. लादी टणक दिसते, हातोडीने वाजवली तर मात्र पोकळ वाजते. रात्री अडीचला स्केलिंग करताना एक्सकॅव्हेटरच्या बकेटने नुसता स्पर्श केला आणि ताटाएवढी नाही, जीपच्या टपाएवढी लादी सपाट खाली आली, मशीनच्या पुढे दोन मीटरवर. वरून लाल पाण्याची पिचकारी. ऑपरेटर केबिनमधे, जाळी लावलेली, त्याला काही झालं नाही. तो उतरला, तंबाखू मळली, परत चढला. आम्ही बाकीचे स्प्रे केलेल्या भागाच्या मागे होतो, जिथे असायला पाहिजे तिथेच.

छत टांगून धरणारे बोल्ट बदलले. थर पुढे आणखी वर सरकत जाणार, तेव्हा तीन मीटरचा बोल्ट पुरणार नाही. तो थर ओलांडून वरच्या चांगल्या बेसाल्टमधे किमान दोन मीटर गेला तरच लादी टांगलेली राहील. म्हणून चार मीटर, आणि दोन बोल्टमधलं अंतर सव्वा मीटर.

२६ जानेवारी, चेनेज ५६२

झेंडावंदन पोर्टलवर. नंतर पोरांनी सिल्क्याराच्या बोगद्याचा विषय काढला, नवीन मुलं आहेत, घरचे फोनवर विचारत असणार. १२ नोव्हेंबर २०२३ ला उत्तराखंडात ४१ जण अडकले आणि २८ ला बाहेर आले, शेवटचे काही मीटर रॅट होल वाल्यांनी हाताने खणले. मी त्यांना एकच गोष्ट परत परत सांगितली, ती पडझड फेसवर नव्हती, मागे होती, पोर्टलच्या बाजूला, जिथून लोक रोज ये-जा करायचे. म्हणजे आपण पुढे निघून गेलो म्हणून मागचा भाग सुटला असं नाही. ५३० पासून ५६० पर्यंत छत किती खाली येतं ते मोजायला क्राऊनवर टार्गेट लावलेत, सर्व्हेवाला रोज सकाळी टोटल स्टेशनने (मोजणीची दुर्बीण) वाचतो. पहिल्या आठवड्यात ११ मिलिमीटर खाली आलं, आता दिवसाला अर्धा सुद्धा नाही. आलेख आडवा व्हायला लागला की मला झोप लागते.

६ फेब्रुवारी, चेनेज ५८४

थर क्राऊनच्या सव्वा मीटर वर, प्रोब होलने (तपासायला मारलेला होल) मोजला. ड्रेन होलमधून अजून पाणी येतं पण गढूळ नाही, स्वच्छ. गढूळ असतं तर माती वाहून जातेय असा अर्थ झाला असता. रविवारी घरी गेलो, येताना कालाकुंडवरून आलेल्या एकाने पळसाच्या पानातलं कलाकंद दिलं ते साइटवर आणलं. त्या जुन्या मीटर गेजच्या घाटात पण बोगदे आहेत, ह्याच बेसाल्टमधले, होळकरांनी इंग्रजांना एक कोटी कर्ज दिलं तेव्हाची लाइन. आत विनाअस्तर कातळ बघायला मिळतो, ताईला एकदा हेरिटेज ट्रेनने घेऊन जायचंय, ती खिडकीतून थर मोजत बसेल.

२० फेब्रुवारी, चेनेज ६१२

थर अडीच मीटर वर. आज परत तीन मीटरचा राऊंड मारला, कट मधोमध, पुल २.८. क्राऊनवर पन्हळी दिसल्या, पंडितजींनी स्वतः जाऊन मोबाइलवर फोटो काढले, पुढच्या मीटिंगला दाखवायला म्हणे. वस्तीतल्या पोराच्या रजिस्टरमधे गेल्या पूर्ण महिन्यात सगळ्यात मोठं रीडिंग २.९, छोट्या राऊंडचा एवढा फायदा झाला.

स्पाइल बंद. चार मीटरचे बोल्ट ६४० पर्यंत चालू ठेवायचे, मग ताई बघून सांगेल.

बेंचचं, म्हणजे बोगद्याच्या खालच्या उरलेल्या भागाचं, प्लॅनिंग आजच टाकलं. हेडिंगच्या खाली अडीच मीटर बेंच घ्यायचाय आणि तिथे हाच थर आधी भेटणार, हिशोबाने ३५७ पासून, आणि तिथून तो दोन्ही भिंतींच्या पायथ्याला असेल. म्हणजे वरच्या सपोर्टचे पाय ह्या मातीवर येणार. एका वेळी एकच बाजू उघडायची, दुसरी तशीच ठेवायची, आणि उघडलेली त्याच शिफ्टमधे शॉटक्रीट करायची. ड्रेन आधी, बेंच नंतर. १०२ चे बिट संपत आलेत, ऑर्डर टाकली.